सातचा भोंगा: फोन आधी कुणी खाली ठेवायचा?

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री 9:50

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं साधारण 3,000 वस्तीचं गाव आहे. 15 ऑगस्ट 2022 पासून तिथे संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याला लावायचं त्याने लावावं. तेव्हा बातम्या सगळीकडे आल्या होत्या, इथल्या बऱ्याच जणांनी वाचल्या असतील. त्यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात मुलांवरून झाली. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी फोन मुलांच्या हातात गेला आणि शाळा उघडल्या तरी तो सुटेना. शिक्षकांच्या हे लक्षात आलं. सरपंच विजय मोहिते यांनी गावापुढे विषय मांडला तेव्हा पुरुषांनी तो हसण्यावारी नेला. मग बायकांची बैठक घेतली. त्या बायकांनी कबूल केलं की आमच्याही मालिका फार होतात, बंद करायचं तर सगळ्या गावानेच काही वेळ बंद करू. त्यानंतर देवळावर भोंगा चढला. पहिले काही दिवस तो वाजूनही लोक जागचे हलत नव्हते, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि गावकरी दारोदार फिरून सांगत होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी गावच्या ग्रामसभेने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. काळजी दोन्ही गावांची एकच. पण वडगावच्या बायकांनी स्वतःला नियमात धरलं, आणि मला वाटतं खरी गोम तिथेच आहे.

मुलांच्या स्क्रीनटाइमवर आपण खूप बोलतो. तास मोजतो, पासवर्ड बदलतो. माझं ठाम मत असं की घरातलं बोलणं मुलांच्या फोनपेक्षा मोठ्यांच्या फोनने जास्त आटलंय. ते कसं आटतं हेही मी माझ्या आजूबाजूच्या घरांत बघते. कुणी कुणाला गप्प बस म्हणत नाही. मुलगी शाळेतून येते, काहीतरी सांगायला लागते. बाबा नजर न उचलता "हं" म्हणतो. ती थांबते. "बोल बोल, ऐकतोय मी." ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागते, तेवढ्यात आईच्या ऑफिसच्या ग्रुपवर काहीतरी येतं. तिसऱ्यांदा विचारलं की ती म्हणते "काही नाही." वर्षभरात ती सांगायला सुरुवात करणंच सोडून देते. मग आपणच म्हणतो, हल्लीची मुलं घरात बोलतच नाहीत.

फी कधी भरायची, डॉक्टरकडे कोण नेणार, शनिवारी कोण येणार, हे बोलणं कुठल्याही घरात होतंच. जातं ते बिनकामाचं बोलणं: भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना होणारं. आणि माझ्या अनुभवात मोठ्या गोष्टी त्याच बोलण्यातून बाहेर पडतात. वर्गात कुणी त्रास देतंय, नोकरीत जीव रमत नाही, छातीत मधूनच दुखतं, हे कुणी प्रस्तावना करून सांगत नाही. मटार सोलता सोलता निघून जातं तोंडातून. त्या वेळी समोरच्याचे डोळे रिकामे असावे लागतात.

आमच्या सोसायटीत (पुणे) ठरावीक संध्याकाळी असं काही करावं असा विचार काही जणींनी मांडलाय. गावाला ग्रामसभा आहे, आमच्याकडे प्रत्येक दार वेगळं. तुमच्यापैकी कुणी घरात, वाड्यात, गावात असं केलंय का? काय टिकलं, काय मोडलं? अनुभव सांगा.

वाटसरू_नगर | सोमवार, रात्री 10:15

जेवताना फोन नाही, एवढा एकच नियम आमच्याकडे आहे आणि तो टिकलाय, कारण आमच्या आईने तो पहिल्यांदा माझ्या वडिलांना लावला. नातवंडांना वेगळं सांगावं लागलं नाही.

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री 11:05

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, परभणी जिल्ह्यात. ताई, तुमच्या मताशी सहमत, पण दोन गोष्टी जोडतो.

ग्रामीण भारतातल्या मुलांची 'असर' पाहणी आपल्याला माहीत असेल. 2024 च्या पाहणीत 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 82 टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला असं सांगणारे 57 टक्के, आणि सोशल मीडियासाठी वापरला असं सांगणारे 76 टक्के. फोन गावात आलाय, तो परत जाणार नाही. त्यामुळे फोन वाईट की चांगला हा वाद आम्ही शिक्षकांनी केव्हाच सोडलाय.

वर्गात मला दिसतं ते वेगळं. परिपाठात मी मुलांना काल काय पाहिलं, काय झालं ते सांगायला लावतो. सांगणाऱ्यांची कमी नाही, धीटही झालीत, कॅमेऱ्यासमोर बोलल्यासारखी खणखणीत बोलतात. अडतं ऐकण्यापाशी. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याला धीर नसतो, आणि समोरच्याला कंटाळा आलाय, त्याला कळलं नाही, त्याला वाईट वाटलंय, हे चेहऱ्यावरून ओळखून थांबणं किंवा पुन्हा सांगणं जमत नाही. म्हणून आम्ही जोड्या लावतो. एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने त्याच गोष्टीवर प्रश्न विचारायचे. प्रश्न विचारायचा तर आधी ऐकावं लागतं. पहिल्या महिन्यात "मग?" एवढाच प्रश्न यायचा. आता तिसरीची पोरं "तुझी शेळी विकली तेव्हा तू घरी होतास का?" असं विचारतात. असा प्रश्न ऐकला की मला दिवसभर बरं वाटतं.

दुसरी गोष्ट. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबाप कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात जातात, पोरं आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात. पूर्वी आईचा आवाज पाच-सहा महिने कानावर पडत नसे. आता फडातून कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर आल्यावर, स्वयंपाक आटोपून आई फोन लावते. त्यावेळी सात-आठच वाजलेले असतात. या पोरांपुढे तुम्ही फोन बंद म्हणालात तर त्यांचं घरातलं बोलणंच बंद होईल. नियम करा, जरूर करा. पण नियम करताना गावात कुणाची आई कुठे आहे हे आधी बघा.

माजघर | मंगळवार, दुपारी 2:20

दोन दिवस लिहू की नको असं चाललं असतं, पण आजच लिहिते. या धाग्यात समोरासमोरच्या बोलण्याचं जे चित्र आहे ते मला माझ्या घरात कधी मिळालं नाही. फोन यायच्या आधीही नाही.

माझं सासर मोठं. संध्याकाळी ओसरीवर माणसं जमायची, गप्पा रंगायच्या, पाहुणे म्हणायचे, काय घर आहे, किती बोलकं! त्या गप्पांना चहा मी आत करत होते. ताटं वाढायची, शेवटच्या पंगतीला आपण बसायचं, तोवर बोलणारे झोपायला गेलेले. दहा माणसांच्या घरात माझ्याशी दिवसभरात होणारं बोलणं म्हणजे मीठ कमी आहे का आणि दूध आलं का.

पहिल्या बाळंतपणानंतर मला सारखं रडू यायचं. बाळाला जवळ घ्यावंसं वाटायचं नाही आणि त्याची इतकी लाज वाटायची की आईलाही सांगितलं नाही. मी ते पहिल्यांदा टाईप केलं, कॉलेजातल्या मैत्रिणीला, रात्री, बाळाला पाजताना. तिने लिहिलं की तिलाही असंच झालं होतं, याला उपचार आहेत, डॉक्टरकडे जा. मी गेले. समोर बसून हे वाक्य माझ्या तोंडातून निघालं नसतं, कारण समोर बसून बोलायची मला त्या घरात सवयच नव्हती.

म्हणून फोन बाजूला ठेवण्याच्या प्रत्येक योजनेला माझा एक प्रश्न असतो. सात ते साडेआठ गॅसपाशी कोण उभं असणार? तो बरोबर स्वयंपाकाचा वेळ आहे. नवरा, सासरे आणि मुलं समोरासमोर बसून बोलणार, आणि माझी पोळी लाटताना बहिणीशी कानाला लावून बोलायची तेवढी एक संधी बंद होणार. मला वडगावच्या बायकांबद्दल आदर आहे, त्यांनी स्वतः ठरवलं. पुण्याच्या सोसायटीत कोण ठरवणार, ते सांगा.

जुना_अंक | मंगळवार, संध्याकाळी 6:40

माझं मत थोडं वेगळं. माझे वडील रोज सकाळी तासभर पेपरात तोंड घालून बसायचे. संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्या. त्या वेळी बोललेलं चालायचं नाही. मग चित्रहार आला, मालिका आल्या. घराघरातली माणसं कायमच कशाच्या तरी मागे लपत आलीत. फोनला एकट्याला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्याला बोलायचं आहे तो बोलतो.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री 9:15

@जुना_अंक, पेपरचा मुद्दा नेहमी येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. माझ्याही घरी तसंच होतं. पण फरक तपासून बघा. पेपर संपायचा. वडील काय वाचतायत ते समोरच्याला दिसायचं, उलट्या बाजूची बातमी आपण वाचायचो आणि त्यावरून विचारायचो. पानं वाटली जायची, शब्दकोड्यासाठी ओढाओढ व्हायची. रेडिओ तर सगळ्यांनाच ऐकू यायचा. फोनमध्ये माणूस हसला तर का हसला हे शेजारी बसलेल्याला कळत नाही, आणि चिडला तर आपल्यावरच चिडलाय असं वाटतं. शिवाय पेपर कधी खिशात वाजला नाही. आपण बोलत असताना मध्येच येऊन कुणी बोलावून नेणं ही गोष्ट नवी आहे.

@पाटीपेन्सिल गुरुजी, शेळीचा प्रश्न वाचून खूप आनंद झाला. कोपीवरून येणाऱ्या फोनचा मुद्दा सोसायटीत मांडते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलंही गावी आहेत.

@माजघर, तुम्हाला उत्तर द्यायचं आहे, पण घाईत देणार नाही.

नीरक्षीर | मंगळवार, रात्री 10:30

संशोधनाचा विषय निघालाच पाहिजे म्हणून थोडं लिहितो, कारण यावर बरंच अर्धवट फिरत असतं.

2012 च्या सुमाराला ब्रिटनमधल्या एसेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अनोळखी माणसांच्या जोड्या बोलायला बसवल्या. काहींच्या जवळ टेबलावर फोन होता, काहींच्या जवळ वही. फोन कुणाचाच नव्हता, वाजतही नव्हता. तरी जिव्हाळ्याच्या विषयावर बोलणाऱ्यांना फोन असताना जवळीक कमी वाटली. हे फार गाजलं. पण नंतर तसेच प्रयोग केलेल्या सगळ्यांना तसाच निष्कर्ष मिळाला नाही, त्यामुळे "नुसता टेबलावर ठेवलेला फोन नातं तोडतो" असं छातीठोक सांगू नये.

मला जास्त पटणारा प्रयोग 2018 चा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा. तीनशेहून जास्त माणसं आपल्याच घरच्यांबरोबर किंवा मित्रांबरोबर कॅफेत जेवायला बसली. काही टेबलांवर फोन बाहेर ठेवायला सांगितले, काहींचे एका डब्यात ठेवून घेतले. फोन बाहेर असलेल्यांचं लक्ष जास्त उडालं आणि जेवणातली मजा कमी झाली. फरक मोठा नव्हता, पण होता. आणि रोजच्या जेवणात थोडा थोडा फरक म्हणजे वर्षभरात किती, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

गुरुजींनी चेहरा ओळखण्याचं लिहिलंय, त्यावरही 2014 चं एक काम आहे, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचं. सहावीतली मुलं पाच दिवस स्क्रीनशिवाय निसर्ग शिबिरात राहून आली, तर चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात त्यांच्या चुका शिबिराला न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त कमी झाल्या. यात फोन नसण्याचा वाटा किती आणि दिवसभर एकमेकांसोबत असण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. मला वाटतं काढायची गरजही नाही. नुसता फोन काढून घेतला आणि मुलाला एकट्याला खोलीत बसवलं तर तो कुणाचा चेहरा वाचणार?

बोटांची_भाषा | बुधवार, सकाळी 7:45

माझे आई-वडील दोघंही कर्णबधिर आहेत. मला ऐकू येतं, पण माझी पहिली भाषा हातांची. हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की आमच्या घरी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने आला.

आधी चांगलं सांगतो. लहानपणी घरचा निरोप द्यायचा तर शेजारच्यांचा फोन, आणि बोलणारा मी. मामाशी आईचं भांडण असलं तरी ते माझ्या तोंडून. सात-आठ वर्षांच्या मुलाने आईचं भांडण मामाला सांगायचं! मग एसएमएस आले आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय घराबाहेरच्या माणसाशी "बोलले". नंतर व्हिडिओ कॉल आला. नागपूरच्या मावशीशी आई आता तासन्‌तास हातांनी गप्पा मारते, दोघी खदखदून हसतात. त्यामुळे फोनने संवाद संपवला असं कुणी म्हटलं की मला ते मान्य होत नाही.

पण घरातली दुसरी बाजू अशी. तुम्ही लोक फोनकडे बघत "हं" म्हणू शकता. आम्हाला ती सोयच नाही. हातात फोन असला की हात अडकला, नजर फोनवर असली की कान गेले म्हणा. आमच्याकडे अर्धवट ऐकणं होतच नाही, माणूस एकतर बोलण्यात आहे नाहीतर नाही. त्यामुळे फोन आल्यावर काही दिवसांतच आमचं बोलणं उघड तुटायला लागलं आणि उघड तुटलं म्हणून लगेच दुरुस्त करता आलं. बाबांनी ठरवून टाकलं: दिवा मिचकावला की फोन खाली. आमच्यात कुणाला हाक मारायची तर खांद्याला हात लावतात, जमिनीवर पाय आपटतात, किंवा खोलीतला दिवा बंद-चालू करतात. दिवा मिचकावला की सगळे वर बघतात.

त्यातून मला एक सवय लागली ती मी ऐकू येणाऱ्यांच्या घरीही पाळतो. नजर मिळेपर्यंत मी बोलायला सुरुवातच करत नाही. चिडून नाही, शांतपणे थांबतो. माझ्या बायकोला आधी विचित्र वाटायचं. आता आमचा मुलगाही तसाच उभा राहतो, समोर, गप्प, आपण वर बघेपर्यंत. मग बोलतो. कृष्णाकाठ ताईंच्या गोष्टीतल्या मुलीसारखी त्याला तीनदा सुरुवात करावी लागत नाही.

वाटसरू_नगर | बुधवार, सकाळी 8:30

हे आजपासून घरात करणार. फार मोलाचं सांगितलंत.

सिद्धेश्वर_पेठ | बुधवार, सकाळी 11:10

मी निवृत्त आहे, सोलापूर. तुम्ही घरातलं बोलताय, मी दाराबाहेरचं सांगतो.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. निरोप ग्रुपवर टाकला, त्याचा उपयोगही झाला. लांबलांबचे नातेवाईक वेळेत पोचले, कुणाला तार करावी लागली नाही. त्या दिवशी माझ्या फोनवर भावपूर्ण श्रद्धांजलीचे शेकडो मेसेज आले. हात जोडलेली चित्रं, दिव्यांची चित्रं. त्यातली बहुतेक माणसं पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर राहतात. पूर्वी यातला प्रत्येक जण घरी आला असता. येऊन काय केलं असतं? काही नाही. चप्पल दाराशी काढून खाली मान घालून बसला असता, "कसं झालं?" म्हणाला असता, आणि मी तीच हकीकत पुन्हा सांगितली असती. शेजारच्यांनी पिठलं-भात आणून दिला असता.

तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगण्यात काय असतं हे मला आता कळतंय. माझ्या वडिलांच्या वेळी आईने ती प्रत्येक येणाऱ्याला सांगितली, आणि हळूहळू सांगताना तिचा आवाज स्थिर झाला. मला ती सांगायला माणसंच कमी मिळाली. मेसेज पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं असेल. मेसेज पाठवला की भेटून आल्यासारखं वाटतं आणि मग पाय निघत नाही, एवढंच माझं निरीक्षण. तरुण मंडळींना विनंती, लग्नाचं आमंत्रण फोनवर द्या, बारशाचं द्या, पण माणूस गेला तर त्या घरी जा. काय बोलायचं ते सुचत नसलं तरी जा.

पाटीपेन्सिल | बुधवार, दुपारी 1:30

काका, वाचून शाळेच्या ओट्यावर बसून राहिलो. तुमच्या पत्नीबद्दल इथे लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा. आणि मी पुढच्या महिन्यात सोलापूरला येतोय, प्रशिक्षण आहे. चालणार असेल तर घरी येतो.

सिद्धेश्वर_पेठ | बुधवार, दुपारी 4:00

या गुरुजी. जेवायलाच या. पत्ता वैयक्तिक निरोपात कळवतो.

दर्यावर्दी_रत्नागिरी | बुधवार, रात्री 11:50

जहाजावरून लिहितोय, उपग्रहावरचं नेट आहे, मध्येच गेलं तर उरलेलं उद्या.

मी इंजिनरूममध्ये मोटरमन आहे. नोकरीला लागलो तेव्हा बंदरात उतरलं की सीमेन्स क्लबमध्ये फोन कार्ड घेऊन रांग लावायची, घरच्यांशी बोलायची तेवढीच संधी. बाकी महिनोन्‌महिने आम्हीच एकमेकांचे. ड्यूटी सुटली की सगळे मेसरूममध्ये. कॅरम, पत्ते, एकच सिनेमा दहा वेळा. फिलिपिनो पोरांनी मला गाणी शिकवली, मी त्यांना कोकणी शिव्या शिकवल्या.

आता नेट आलंय. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात 2022 साली दुरुस्त्या झाल्या, त्या डिसेंबर 2024 पासून लागू आहेत. जहाजमालकांनी जमेल तितकं इंटरनेट खलाशांना उपलब्ध करून द्यावं असं त्यात आहे. हे हवंच होतं. माझ्या मुलीने पहिलं पाऊल टाकलं ते मी भर समुद्रात बघितलं. ज्यांनी ते बघितलेलं नाही अशा जुन्या खलाशांना विचारा त्याची किंमत.

पण मेसरूम रिकामी पडली. लोक ताट घेतात आणि केबिनमध्ये जातात. आमच्या धंद्यात हे धोक्याचं आहे. पूर्वी एखादा पोरगा दोन दिवस जेवणावर आला नाही, पत्त्यांत गप्प राहिला, तर कुणीतरी विचारायचं, काय रे, घरी काय झालंय? घरून वाईट बातमी आलेला माणूस इंजिनरूममध्ये एकटा जायला नको, हे सगळ्यांना कळायचं. आता बातमी त्याला केबिनमध्ये मिळते, दार बंद असतं, आणि आम्हाला पत्ताच नसतो. याआधीच्या जहाजावर आमच्या कॅप्टनने नेट बंद वगैरे केलं नाही. रविवारी दुपारचं जेवण सगळ्यांनी मेसमध्ये आणि नंतर कॅरमचा सामना, एवढंच ठेवलं. त्याने फरक पडला.

कृष्णाकाठ ताई, माझा प्रश्न तुम्हाला. माझी ड्यूटी आणि नेटचा भरवसा यांचा मेळ कधी बसेल ते मलाच माहीत नसतं. मी लावला आणि घरी नेमका तुमचा दीड तास चालू असला तर? त्या दिवशी माझं राहूनच जाणार का?

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री 10:05

सगळ्यांचे प्रतिसाद आमच्या सोसायटीतल्या मंडळींना वाचून दाखवले. आज संध्याकाळी आम्ही जमलो होतो, गच्चीत. काय ठरलं ते सांगते.

सातची वेळ आमच्याकडे चालणार नाही, अर्धी माणसं तेव्हा रस्त्यातच असतात. प्रत्येक घर आपापला पाऊण तास ठरवेल, आणि शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून खाली अंगणात बसायचं. भोंगा नाही. बोटांची_भाषा यांचं नजर मिळेपर्यंत थांबणं लहान मुलांना फार आवडलं, त्यांनी तिथेच सुरू केलं आणि आम्हा मोठ्यांची पंचाईत झाली.

@माजघर, कोण ठरवणार हा प्रश्न मी जसाच्या तसा मांडला. एका काकूंनी लगेच सांगितलं की आमच्या घरचा पाऊण तास मी ठरवणार आणि तो जेवणं झाल्यावर असेल, भांडी घासायला सगळे ओट्यापाशी उभे राहतील, बोलायचं ते तिथे. इतर बायकांनी तेच उचललं. दोन-तीन पुरुषांनी कुरकुर केली. ज्या घरात बाई आत आणि बाकी बाहेर, त्या घराने हा नियम करूच नये असं मी बोलून दाखवलं आणि त्यावर ठाम आहे. तुमची पोळी लाटतानाची बहीण कुणी काढून घेऊ नये.

@दर्यावर्दी_रत्नागिरी, फोन बंद करायचेच नाहीत असं ठरलंय. सगळे फोन हॉलमधल्या एका फळीवर राहतील. ज्यांचं माणूस लांब आहे त्या घरांनी तेवढ्या नंबरला वेगळी रिंग मोठ्या आवाजात लावायची, बाकीचे मुके. ती रिंग वाजली की फोन उचलायचा आणि स्पीकरवर टाकायचा, म्हणजे जो कुणी घरात असेल तो बोलेल. हे तुमच्या घरी चालेल का ते वहिनींना विचारून सांगा.

दर्यावर्दी_रत्नागिरी | शुक्रवार, पहाटे 4:20

बायकोला विचारलं. वेगळी रिंग मान्य. स्पीकर रोज नको म्हणते, आठवड्यातून एकदा तिला माझ्याशी एकटीला बोलायचं असतं.

माजघर | शुक्रवार, दुपारी 1:50

वहिनींचं बरोबर आहे, ती सवलत नियमातच लिहा. आमच्याकडे मी भांडी घासायच्या वेळेची गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो काही बोलला नाही, पण रात्री ओट्यापाशी आला आणि विसळायला लागला. आम्ही बोललो ते मुलाच्या गणिताबद्दल आणि पाण्याच्या टाकीबद्दल. पुढच्या आठवड्यात सासऱ्यांनाही बोलवून बघणार आहे.